वाइनची मानकं कोण ठरवतं? ब्रिटनबद्दलचे तुमचे प्रश्न

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडून काही वर्षं उलटली, तरी ‘आता तिथले वाइनचे नियम कोण ठरवतं आणि आम्हाला त्याचा काय फरक पडतो’ ही विचारणा थांबत नाही. गोंधळ दर वेळी एकाच जागी असतो. एखाद्या देशाने स्वतःचा कायदा बदलणं वेगळं आणि त्या देशाचं आंतरराष्ट्रीय मानकांवर वजन असणं वेगळं. हे दोन्ही एकच धरून निर्णय घेतले जातात आणि त्यात माल अडकतो. म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक, छोटी वाइनरी): ब्रिटनला वाइन पाठवायला व्हीआय-१ दाखला (वाइनच्या तपासणीचा आयात दाखला) लागतो का?

ग्रेट ब्रिटनसाठी नाही, जानेवारी २०२२ पासून ती अट गेली. युरोपीय संघासाठी लागतो. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. माल तिथे, म्हणजे बेलफास्टला, उतरणार असेल तर आयातदाराकडून लेखी घ्या, मगच कंटेनर बुक करा.

प्रश्न (सांगली): एक सल्लागार म्हणतात, ‘तुमची वाइन ओआयव्ही प्रमाणित करून देतो, ब्रिटन आणि युरोप दोन्ही बाजार उघडतील.’ फी बरीच आहे. घ्यावं का?

एक रुपयाही देऊ नका. ओआयव्ही म्हणजे द्राक्ष आणि वाइन यांची आंतरराष्ट्रीय संघटना. १९२४ मध्ये आठ देशांनी ती स्थापन केली, आता तिचं मुख्यालय फ्रान्समध्ये दिजाँला आहे. तिचे सदस्य देश असतात, वाइनरी नव्हे. वाइन बनवताना काय चालतं, किती चालतं आणि ते कसं मोजायचं याच्या शिफारशी ती करते, आणि सरकारं त्या आपापल्या कायद्यात उतरवतात. कुणाच्याही बाटलीवर ती शिक्का मारत नाही. काही वाइन स्पर्धांना ती आश्रय देते, पण स्पर्धेतलं पदक म्हणजे निर्यातीचा परवाना नव्हे. पदकाचं स्टिकर दाखवून ‘प्रमाणित’ म्हणणारे मी पाहिले आहेत, त्याचा मला संताप येतो, कारण फसतो तो पहिल्यांदा निर्यात करणारा.

त्या सल्लागाराला एवढंच विचारा: हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली लागतं? तुम्हाला हवा असतो तो प्रयोगशाळेचा अहवाल. तीच चाचणी आणि तीच पद्धत त्या प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मान्यतेच्या व्याप्तीत आहे का, हे नमुना देण्याआधी तपासा.

प्रश्न (पुणे, कायद्याची विद्यार्थिनी): संघ सोडल्यावर वाइनच्या मानकांवरचा ब्रिटनचा प्रभाव वाढला की घटला?

‘मोकळा झाला’ आणि ‘एकटा पडला’ अशी दोन तयार उत्तरं बाजारात फिरतात. दोन्ही ऐकीव आहेत. काम चालतं कसं ते आधी बघा.

युरोपीय संघ स्वतः ओआयव्हीचा सदस्य नाही, २०१७ पासून त्याला तिथे विशेष दर्जा आहे. पण संघाचा २०१३ चा कृषी बाजारपेठांचा कायदा ओआयव्हीच्या शिफारशींवर थेट टेकलेला आहे. म्हणून ओआयव्हीच्या आमसभेआधी संघातल्या देशांनी काय भूमिका घ्यायची, हे ब्रसेल्समध्ये, म्हणजे संघाच्या मुख्यालयात, ठरतं. जर्मनीने यावर कोर्टात धाव घेतली: संघ ज्या संस्थेचा सदस्यच नाही, तिथे आम्ही काय बोलायचं हे तो कसं ठरवणार? ७ ऑक्टोबर २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने जर्मनीचा दावा फेटाळला. प्रबंध लिहिणार असाल तर हा निकाल मुळातून वाचा. संघातल्या देशाला ओआयव्हीत स्वतःची खुर्ची असली तरी सूर आधी जुळवूनच यावं लागतं, हे त्यातून नीट कळतं.

मधली बरीच वर्षं ब्रिटन ओआयव्हीच्या बाहेर होता, संघ सोडल्यावर तो परतला. आता तो स्वतःच्या नावाने बोलतो. ठराव शक्यतो सर्वसहमतीने होतात. सहमती झालीच नाही तर दोन तृतीयांश अधिक एक असं मतदान होऊ शकतं, त्यात प्रत्येक देशाला एक मत. पण एखाद्या सदस्याने ‘आमच्या मूलभूत राष्ट्रीय हिताला धक्का लागतो’ असं सांगितलं की मतदान वर्षभर पुढे जातं, आणि नंतर त्याच्या परराष्ट्रमंत्र्याने किंवा तशाच अधिकाऱ्याने ते लेखी कायम केलं तर मतदान होतच नाही. हा अधिकार ब्रिटन आता ब्रसेल्सकडे न बघता वापरू शकतो. कोडेक्समध्येही (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) तसंच, तिथे संघ स्वतः सदस्य आहे आणि सामायिक विषयांवर सगळ्यांच्या वतीने बोलतो. ब्रिटन आता स्वतःचं म्हणणं स्वतः मांडतो.

दुसरी बाजू बघा. सत्तावीस देशांना लागू होणारा कायदा ज्या टेबलावर लिहिला जातो, तिथली खुर्ची गेली. लंडनमधला व्यापारी तर फ्रान्स, इटली, स्पेनकडूनच भरपूर माल घेतो. शिवाय ओआयव्हीत पदाधिकाऱ्यांची निवड आणि वर्गणी अशा विषयांवर मतांना वजन असतं, ते उत्पादन, लागवड आणि खप यांवरून ठरतं. आयात त्यात फक्त खपाच्या आकड्यातून मोजली जाते. ब्रिटन जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक, पण त्याच्या द्राक्षबागा चार-पाच हजार हेक्टरच्या आसपास.

खुर्चीशिवायही वजन असू शकतं, हे अमेरिकेने दाखवलं आहे. २००१ मध्ये ती ओआयव्हीतून बाहेर पडली. त्याच वर्षी जागतिक वाइन व्यापार गटातल्या देशांनी एकमेकांच्या वाइन बनवण्याच्या पद्धती मान्य करण्याचा करार केला, त्यात ती होती.

आता माझी खरी काळजी. मानक आमसभेत जन्मत नाही. ते तज्ज्ञगटात जन्मतं, तिथून ओआयव्हीच्याच आयोगांतून फिरत काही वर्षांनी आमसभेपुढे येतं. कुणाच्या प्रयोगशाळेतले आकडे पहिल्या मसुद्यात गेले, यावर निम्मा निकाल लागलेला असतो. जो देश फक्त शेवटच्या बैठकीला येतो, तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदाखाली सही करतो. म्हणून माझं उत्तर असं: ब्रिटनचा हक्क वाढला, पोच घटली. यातलं कोणतं पारडं जड होईल, हे तो दर वर्षी किती रसायनतज्ज्ञ आणि वाइनतज्ज्ञ या गटांत बसवतो यावर आहे. विषय पक्का करण्याआधी अशा बैठकांना प्रत्यक्ष बसलेल्या एखाद्या तज्ज्ञाला भेटा. बातम्यांच्या मथळ्यांवर प्रबंध उभा राहत नाही.

प्रश्न (लंडन): पॅरिसहून आणलेल्या बाटलीवर घटकांसाठी क्यूआर कोड आहे. इथे घेतलेल्या नाशिकच्या बाटलीवर नाही. माल जुना असेल का?

तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी घटक आणि पोषणमूल्यं देणं युरोपीय संघात सक्तीचं आहे, ग्रेट ब्रिटनने ती सक्ती घेतलेली नाही. सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे पदार्थ, लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर असतील तर तो उल्लेख मात्र दोन्हीकडे लागतो. तुम्हाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्या.

प्रश्न (बारामती): इंग्लंडमध्ये द्राक्षाच्या चोथ्यात पाणी घालून केलेलं पिकेट विकायला परवानगी मिळाली म्हणे. आपणही सुरू करावं का?

नाही. तो २०२४ पासूनचा इंग्लंडचा नियम आहे, आंतरराष्ट्रीय मानक नव्हे. युरोपीय संघात ते माणसांना प्यायला विकता येत नाही. इथे काय चालतं ते एफएसएसएआय (भारताचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) आणि उत्पादन शुल्क विभागाला लेखी विचारा, टाकी भरण्याआधी.

प्रश्न (मुंबई): भारत–ब्रिटन करार झाला, आता मानकंही एक झाली ना?

नाही. २४ जुलै २०२५ च्या कराराचा गाजावाजा झाला तो शुल्कामुळे, उदाहरणार्थ व्हिस्की आणि जिनवरचं १५० टक्के शुल्क ७५ आणि पुढे ४० वर. शुल्क उतरलं म्हणून नमुना पास होत नाही. तुमच्या कस्टम हाउस एजंटशी बोला.

प्रश्न (दिंडोरी): युरोपसाठी एक आणि ब्रिटनसाठी एक अशा वेगळ्या वाइन बनवायच्या का? आणि भारत ओआयव्हीचा सदस्य आहे तर आमचं म्हणणं कुठे मांडायचं? यंदाची तोडणी उरकली की बघू म्हणतो.

वेगळ्या बनवू नका. सल्फर डायऑक्साइडसारख्या मर्यादांना कडक बाजूचा आकडा धरा. ओआयव्हीची मर्यादा कोरड्या लाल वाइनला लिटरला १५० मिलिग्रॅम आहे, कोरड्या पांढरीला २००. लेबल मात्र प्रत्येक बाजाराचं वेगळं छापा, छपाईआधी आयातदाराकडून तपासून.

दुसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ चालणार नाही. आपल्याकडे द्राक्ष पिकतं जानेवारी ते मार्चमध्ये, शेवटी शेवटी ऊन तापत असतं आणि रसातली आम्लता झपाट्याने उतरते. टार्टारिक आम्ल घालावंच लागतं, आणि त्याला ओआयव्हीची मर्यादा लिटरला ४ ग्रॅम आहे. इंग्लंडची अडचण नेमकी उलटी, तिथे थंडीमुळे आम्लता उरते. आपली अडचण आपणच आकड्यांनिशी मांडली नाही तर ती मसुद्यात येणार कशी? तोडणीच्या दिवशीच प्रत्येक प्लॉटची साखर, पीएच आणि एकूण आम्लता लिहून ठेवा, आम्ल किती घातलं तेही. तुमच्या उत्पादक संघटनेमार्फत केंद्राकडे निवेदन द्या, आणि त्याआधी एखाद्या वाइनतज्ज्ञाकडून आकडे तपासून घ्या. हे या हंगामातच करा, तोडणी उरकल्यावर रस मोजायला शिल्लक नसतो.