दाराशी ठेवलेली ताटली

शाळांच्या पालकसभेत बोलायला गेले की शेवटच्या दहा मिनिटांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलांना टीव्हीवर नेमकं काय बघू द्यायचं?" पाठोपाठ दुसरा, "आणि किती वेळ?" पालकांना आकडा हवा असतो, आणि तो मी देते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं आहे: २ वर्षांखालच्या बाळांना पडदा नकोच, २ ते ५ वयात दिवसाला फार तर १ तास आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली, ५ ते १० वयात २ तासांच्या आत. पालक लिहून घेतात, समाधानानं घरी जातात.

त्या आकड्यात जे मावत नाही, ते मला माझ्याकडे समुपदेशनासाठी आणलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीमुळे नीट दिसलं. तिला इथे ओवी म्हणू. नाव खरं नाही, घरचे काही तपशीलही मी बदलले आहेत.

नाशिकचं कुटुंब. आई, पप्पा, आजी आणि ओवी, वन बीएचके फ्लॅट. ओवी तिसरीत. आईनं आल्या आल्या तक्रार मांडली ती टीव्हीची नव्हतीच.

"रोज सकाळी सहाला दूध घ्यायला दार उघडलं की खणकन ताटली पडते. ओवी रात्री दाराला टेकवून ठेवते. सासूबाई दचकून उठतात. रागावून झालं, समजावून झालं. ताटल्या वरच्या फळीवर ठेवल्या, तर आता डब्याचं झाकण ठेवते."

शिवाय रात्री उठून दोन-तीनदा कडी बघते, जिन्यात एकटी उतरत नाही, वर्गात लक्ष नसतं असं बाईंनी कळवलेलं. अशी भीती घेऊन मूल आलं की आधी काही गोष्टी तपासाव्याच लागतात: कुणी धमकावलंय का, कुणी नको तसा हात लावलाय का, शेजारीपाजारी चोरी झालीय का. दोन-तीन भेटी त्यात गेल्या. तसं काही नव्हतं.

टीव्हीचा विषय पप्पांनीच काढला, तोही तो विषय बाजूला ठेवावा म्हणून. "टीव्हीचा प्रश्नच नाही मॅडम. कार्टून अर्धा तास, ते पण मी निवडून देतो. सेट टॉप बॉक्सला पिन टाकलाय. मोबाइल तिच्या हातात नाही." हे ते अभिमानानं सांगत होते आणि तो अभिमान रास्त होता. इतकं करणारे पालक माझ्याकडे कमीच येतात.

मी त्यांना एक काम दिलं. पाच दिवस, संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा, घरात कोण कुठं बसलंय, काय करतंय आणि कानावर काय पडतंय एवढंच लिहून आणायचं. पप्पा कारखान्यात सुपरवायझर, रोज नोंदवही भरायची सवय. फूटपट्टीनं रेघा मारलेला, चार रकान्यांचा कागद घेऊन आले. मी म्हटलं, वाचून दाखवा.

"साडेआठ ते सव्वानऊ. ओवी, गृहपाठ, हॉल, टीपॉय. टीव्ही चालू, कंसात, आम्ही बघत होतो."

दुसरा दिवस तेच. तिसरा दिवस वाचताना त्या कंसाशी ते स्वतःच थांबले.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"मी आणि आई. ही स्वयंपाकघरात असते."

"काय लागलेलं असतं?"

खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेली मालिका. रोज एक घटना. "पण ती बघत नाही मॅडम. तिची पाठ टीव्हीकडे असते. मीच बसवलंय तसं."

त्या दिवशी ओवीशी मी एकटी बोलले. ती चित्र काढत होती, खरं तर खोडत होती. एकाच रेघेवर खोडरबर इतक्या वेळा फिरवलेलं की कागद विरल्यासारखा झाला होता.

"पप्पांचा कार्यक्रम कसा असतो गं?"

"मी बघत नाही."

"हो, पप्पांनी सांगितलं मला."

"त्यांनी सांगितलंय, बघायचं नाही. म्हणून मी फक्त ऐकते."

इतकी वर्षं मुलांशी बोलतेय, पण हे वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. ती आज्ञा मोडत नव्हती, अक्षरशः पाळत होती.

मग ती बोलत सुटली. एक काकू असतात, त्या घरी एकट्या असतात, दाराची कडी नीट लागलेली नसते. एक माणूस येतो. "आणि कुणाला कळतच नाही ताई. काहीतरी पडलं असतं ना, तर शेजारच्यांना आवाज गेला असता."

"म्हणून ताटली?"

"स्टीलची. प्लास्टिकची वाजत नाही."

म्हणजे तिनं दोन्ही वाजवून बघितल्या होत्या. ज्याला घरात सगळे खोडी समजत होते, तो तिचा पहारा होता. हॉलमध्ये, दारापासून पाच-सहा फुटांवर आजीजवळ तिची गादी. आजीचा डोळा लागला की ही उठायची, ताटली लावायची आणि मग झोपायची.

"पप्पा म्हणतात ते सगळं खोटं असतं," मी हळूच म्हटलं.

"पण तो माणूस सुरुवातीलाच सांगतो ना, सत्य घटनेवर आधारित."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचं बरोबर होतं.

पुढच्या भेटीत तो कागद पुन्हा टेबलावर पसरला तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. मला वाटतं, या सगळ्या केसमध्ये माझ्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. सव्वानऊच्या पुढे पाचही दिवस एकच नोंद होती: "ओवी झोपायला." आतल्या खोलीत तिला निजवायचं आणि नंतर पप्पांनी उचलून आजीजवळ आणून ठेवायचं, असा क्रम. घरातली शिस्तच ती. पण मालिका संपायची साडेनऊनंतर. गुन्हेगार सापडायचा तो शेवटच्या दहा मिनिटांत. ओवीनं महिनोन् महिने रोज एक गुन्हा ऐकला होता आणि एकही गुन्हेगार पकडलेला ऐकला नव्हता. तिच्या हिशेबानं ती सगळी माणसं अजून बाहेर मोकळी फिरत होती.

हे मी सांगितलं तेव्हा पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्यापासून केबलच काढून टाकतो."

मी त्यांना थांबवलं. बहुतेक पालक या टप्प्यावर हेच म्हणतात, आणि इथेच चूक होते. टीव्ही बंद केला की नवीन गोष्टी यायच्या थांबतील, पण आत जाऊन बसलेल्या अर्ध्या गोष्टींचं काय? त्या तिच्याजवळ तशाच राहतील आणि आता त्या ती कुणाला सांगणारही नाही, कारण तिनं सांगितलं आणि घरातला टीव्ही गेला, एवढंच तिला कळेल.

निरीक्षणातून मूल शिकतं हे सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरांचा माझ्या कामावर मोठा प्रभाव आहे. मोठ्या माणसानं बाहुल्याला बडवलेलं पाहून मुलंही तसंच बडवतात, हा त्यांचा १९६१ चा प्रयोग पुष्कळांना ऐकून माहीत असतो. १९६५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला पुढचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्या मुलांनी फिल्ममध्ये पाहिली, त्यांनी त्याची नक्कल कमी केली. पण नंतर खाऊ-बक्षीस देऊ करून "तो काय करत होता, करून दाखव" म्हटल्यावर त्यांनाही ते जवळपास तितकंच येत होतं. शिकणं आत होऊन गेलेलं असतं, बाहेर दिसत नाही इतकंच. "आमचा मुलगा तसलं काही करत नाही, त्याच्यावर परिणाम नाही" असं कुणी म्हणालं की मला हा प्रयोग आठवतो. ओवीनंही कुणाला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. ती फक्त ताटली ठेवत होती.

आणि कानानं आलेलं डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा सौम्य असतं, हा समज तर मी पार सोडून दिलाय. पडद्यावर निदान दिसतं की तो एक नट आहे, दार लाकडी सेटचं आहे. नुसत्या आवाजाला चेहरा मुलानंच द्यायचा असतो. ओवीनं तो जिन्यात दिसणाऱ्या एका कुरिअरवाल्याचा दिला होता. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

सरकारनं, चॅनेलवाल्यांनी काही करायला नको का, असंही पालक विचारतात. करायलाच हवं, आणि नियम आहेतही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४ सांगतात की मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम, जास्तीत जास्त मुलं टीव्ही बघत असतात अशा वेळी दाखवू नयेत. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून ७+, १३+, १६+ अशा वयाच्या खुणा असतात, कुलूपही घालता येतं. पण ते कुलूप पडद्याला आहे. वन बीएचकेमध्ये त्याच हॉलमध्ये पाठ करून बसलेल्या लेकराच्या कानाला ते कुठून घालणार? मुलाला वेगळी खोली द्या, हा सल्ला मी कधीच देत नाही. बहुतेकांकडे ती नसते आणि खोली दिली तरी भिंतीतून आवाज जातोच.

या सगळ्यात आजी दुखावल्या. "म्हणजे माझ्यामुळे पोरगी घाबरली?" दिवसभर घरात एकट्या, गुडघे धरलेले, टीव्ही हीच सोबत. अशा वेळी आजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की घरात दोन दुखणी होतात, हे मी पूर्वी पाहिलंय. मी त्यांना त्यांच्या लहानपणीच्या टीव्हीबद्दल विचारलं. त्या मूळच्या गिरगावातल्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा त्या शाळेत होत्या. चाळीत एकाच बिऱ्हाडात टीव्ही, दाराखिडक्यांत पोरं.

"आणि पोरांनी बघू नये असं काही लागलं तर?"

"तर काय, तिथल्या काकू उठायच्या, खटका बंद करायच्या. चला रे, जेवायला जा आपापल्या घरी, म्हणायच्या." जरा थांबून आजी स्वतःच म्हणाल्या, "कुणीतरी उठायचं बघा."

मी पुढं काही बोलले नाही. आजीच मुलाकडे वळून म्हणाल्या, "माझी मालिका दुपारी परत लागते. मी तेव्हा बघेन."

मग आम्ही ठरवलं ते साधं होतं. ओवी जागी असेपर्यंत हॉलमध्ये गुन्ह्यांचा कार्यक्रम नाही आणि बातम्याही नाहीत. गृहपाठ स्वयंपाकघरात, आईजवळ. बातम्यांचं मी मुद्दाम सांगते, कारण तिथं तीच आग, तोच अपघात दिवसभर फिरवून दाखवतात आणि लहान मुलाला वाटतं की आग पुन्हा पुन्हा लागतेय.

पण खरं काम टीव्ही बंद झाल्यावरचं होतं. पप्पांना मी सांगितलं, "खोटं असतं" हे वाक्य आता म्हणायचं नाही. विचारायचं, "तू काय ऐकलंस? मग पुढं काय झालं असेल असं तुला वाटलं?" आणि तिचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. त्यानंतर गोष्ट पुरी करायची. कोण पकडलं गेलं, कसं, शेजाऱ्यांनी काय केलं. तीन आठवडे रोज जेवणानंतर बापलेकीनं एकेक अर्धी गोष्ट शेवटाला नेली. सोबत तिला खरी माहितीही दिली: अडचणीत ११२ ला फोन करायचा, मुलांसाठी १०९८ आहे, शेजारच्या आजोबांचं दार कधीही वाजवलं तरी चालतं. एका रविवारी त्यांनी ते खरंच वाजवून पाहिलं. आजोबांनी उघडलं आणि चिक्की दिली.

आणि एक गोष्ट मी आग्रहानं करायला लावली. रोज रात्री झोपताना पप्पांनी ओवीच्या देखत दारापाशी जायचं, कडी लावायची, लॅच ओढून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "कडी लावली. हे माझं काम आहे." ताटलीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढायचं नाही. ठेवली तर ठेवू द्यायची. सकाळी दूध घेताना आईनं ती हळूच उचलून मांडणीत लावायची.

पहिले आठ-दहा दिवस ताटली होती. मग एक दिवस आड. मग ती दाराऐवजी उशाशी आली. त्या बातमीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात होते, तिथल्या पायरीवरच बसून ऐकला. मुलं भीती एका झटक्यात टाकत नाहीत, आधी जवळ घेतात, मग ठेवून देतात.

गेल्या महिन्यात आईशी बोलणं झालं. ताटली आता मांडणीतच असते. मध्ये एकदा पप्पांना रात्रपाळी लागली. ओवी गादीवर बसून राहिली. "आजी, आज कडी कोण बघणार?"

आजींनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला, गुडघ्यावर हात टेकत उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मी."