सेंट्रिंगच्या कामासाठी अमेरिकन फ्रेमिंग हॅमर मागवावा का?

तुम्ही विचारलंय की सहा महिन्यांपूर्वी सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायचे तात्पुरते साचे उभारायच्या कामाला लागलो, तेवढ्यात दोन हातोडे मोडले, संध्याकाळी मनगट आणि कोपर ठणकतं, आणि यूट्यूबवर अमेरिकेतले सुतार २२ औंसाचा फ्रेमिंग हॅमर चालवताना दिसतात, तर तोच ऑनलाइन मागवावा का.

मागवू नका. मी एकवीस वर्षं याच कामात आहे, आधी दुसऱ्याच्या हाताखाली, आता स्वतःची सात-आठ माणसं घेऊन. तुम्ही म्हणताय तसला एक हातोडा माझ्याकडे आहे. भाच्याने आणून दिलेला. चार दिवस हौसेने वापरला, तेव्हापासून पेटीत पडून आहे.

हातोडा वाईट आहे असं नाही. तो ज्या कामासाठी घडवलाय ते काम आपल्याकडे होतच नाही. अमेरिकेत, कॅनडात घराचा सांगाडाच लाकडाचा उभा करतात. सोळा-सोळा इंचांवर उभी लाकडं, त्यांना वर-खाली आडवी लाकडं, आणि साडेतीन इंची खिळे. ते खिळे घर उभं आहे तोवर तिथेच राहायचे. म्हणून त्या हातोड्याचं डोकं जड, २० ते २२ औंस म्हणजे साधारण ५७० ते ६२० ग्रॅम. दांडा सोळा-अठरा इंच लांब. मागची शिंगं जवळजवळ सरळ, कारण ती दोन लाकडांच्या फटीत घालून लाकूड उचकटायचं असतं. आणि तोंडावर बारीक चौकटी कोरलेल्या, म्हणजे खिळ्याच्या डोक्यावरून ठोका घसरत नाही. आता तिकडेही बहुतेक खिळे नेलगनने, म्हणजे खिळे मारायच्या यंत्रानेच मारतात, हातोडा उरतो तो लाकूड जागेवर सरकवायला आणि चुकलेलं उपटायला.

आपलं काम उलटं. आपण खिळा मारतो तोच मुळी काढण्यासाठी. कॉलमचा बॉक्स आज भरला की उद्या बाजू खोलायच्या. स्लॅबचं जरा उशिरा, पण तेही खोलायचंच. म्हणून तर आपले जुने मिस्त्री खिळा पूर्ण बसवत नाहीत, डोकं एक-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बाहेर ठेवतात. तुम्हालाही पहिल्या आठवड्यात यावरून शिव्या बसल्या असतीलच. गंमत म्हणजे अमेरिकेत काँक्रीटच्या फर्म्यासाठी दोन डोक्यांचा वेगळा खिळा मिळतो. खालचं डोकं लाकडाला टेकतं, वरचं काढायला मोकळं राहतं. आपण तेच काम साध्या खिळ्यात अंदाजाने करतो.

त्यामुळे सेंट्रिंगचा हातोडा घेताना तो ठोकतो कसा यापेक्षा उपटतो कसा हे आधी बघायचं. तुमचे दोन हातोडे कसे मोडले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी पैज आहे की ठोकताना नाही, खिळा काढतानाच मोडले.

भाच्याच्या हातोड्याचं काय झालं ते सांगतो. पहिल्या दिवशी नव्या प्लायवर काम होतं, वर तपकिरी फिल्म असलेला बारा एमएमचा. खिळा मारताना शेवटचा ठोका प्लायला लागला की चौकटींचा ठसा उमटायचा, जाळीदार बिस्किटासारखा. नुसता ठसा असता तर चाललं असतं, पण फिल्म फाटली की तिथून पाणी आत जातं, प्लाय फुगतो, आणि पुढच्या स्लॅबला तो फुगवटा काँक्रीटवर उतरतो. साध्या गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने चुकलेला ठोका एवढं नुकसान करत नाही. शिवाय तो चौकटीवाला ठोका अंगठ्यावर बसला तर कातडं किसणीवर किसल्यासारखं निघतं. हेही अनुभवानेच सांगतोय.

दुसरी अडचण लांबीची. उघड्यावर भिंत आडवी ठेवून ठोकायची तर लांब दांडा उत्तम. आपण मात्र स्लॅबखाली टेकूंच्या गर्दीत मान वाकडी करून उभे असतो. अठरा इंची दांडा मागे नेला की कुठल्या तरी बल्लीला आपटणारच. आपल्याला तेरा-चौदा इंच पुरतो.

आता वजन. नव्या माणसाला वाटतं, जड हातोडा म्हणजे कमी ठोके. तसं पूर्ण खरं नाही. डोक्याचं वजन दुप्पट केलं तर ठोक्याचा जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. जड हातोडा दुपारनंतर त्याच वेगाने फिरत नाही, मग जोर कुठून येणार? तिकडे महागडे टायटॅनियमचे हातोडे निघालेत त्यामागे हाच हिशेब आहे. टायटॅनियम पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनाचं, त्यामुळे डोकं हलकं राहून वेग मिळतो. आपल्याला तेवढा खर्च करायची गरज नाही. दोन ते तीन इंची खिळ्यांसाठी ४५० ते ५०० ग्रॅमचा क्लॉ हॅमर, म्हणजे शिंगाचा हातोडा घ्या. वाळलेल्या निलगिरीच्या बल्लीत खिळा वाकतो म्हणून लोक जड हातोडा घेतात, पण तिथे खिळा वाकतो तो ठोका तिरका बसल्याने. जड हातोड्याने तो आणखी लवकर वाकतो.

तुमच्या साइटवर लाकडाऐवजी लोखंडी प्लेटा असतील तर गोष्ट वेगळी. तिथे पिना आणि पाचरी ठोकायच्या असतात, त्याला शिंगाचा हातोडा वापरूच नका, साधा दोन-अडीच पौंडी घ्या. शिंगाच्या हातोड्याचं तोंड कडक केलेलं असतं, ते कडक लोखंडावर आपटलं की कपची उडते. छिन्नीवर किंवा दुसऱ्या हातोड्यावर तर अजिबात मारू नका. मी एका माणसाच्या भुवईत रुतलेली कपची बघितली आहे. बोटभर खाली असती तर डोळा गेला असता.

दांड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आराम आणि टिकाऊपणा दोन्ही तिथेच ठरतं.

बाजारात सगळ्यात जास्त दिसतो तो लोखंडी पाइपचा दांडा आणि वर रबराची मूठ. स्वस्त असतो, हातात छान बसतो. पण तीन इंची गंजका खिळा उपटताना पाइप मानेपाशी वाकतो, आणि एकदा वाकला की संपला. रबराची मूठ पावसाळ्यात फिरायला लागते. घ्यायचाच असेल तर दुकानात मूठ दोन्ही हातांनी पिळून बघा.

डोकं आणि दांडा एकाच पोलादातून घडवलेला हातोडा मोडत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रॉकफर्ड गावात एस्टविंग कंपनी १९२३ पासून असे हातोडे बनवते, त्यासाठीच त्यांचं नाव आहे. उपटायला याच्यासारखा दुसरा नाही. पण ठोक्याचा झणका दांड्यातून थेट कोपरात येतो, आणि तुमचं कोपर आधीच दुखतंय.

फायबरग्लासचा दांडा झणका बऱ्यापैकी गिळतो, पाण्याने फुगत नाही, उन्हाने आकसत नाही. नव्या माणसाने हाच घ्यावा असं माझं मत. एकच आहे, डोकं आत चिकटवलेलं असतं, ते हललं की दुरुस्ती नाही.

मी स्वतः बाभळीचा दांडा वापरतो. डोकं चांगल्या कंपनीचं, दांडा गावातल्या सुताराकडून बसवून घेतलेला. घेताना दांड्याचं टोक समोर धरून बघा. लाकडाच्या रेषा ज्या दिशेने ठोका मारणार त्याच दिशेने धावल्या पाहिजेत, आडव्या असतील तर तो दांडा फटकन जातो. गाठ असेल तर घेऊच नका. मे महिन्यात लाकूड आकसून डोकं हलायला लागतं, तेव्हा साइटवर सगळे हातोडा रात्रभर पाण्याच्या टाकीत टाकतात. सकाळी घट्ट होतो खरा, पण फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात चेपलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. त्यापेक्षा नवी पाचर मारा आणि महिन्यातून एकदा जवसाचं तेल चोळा. डोकं हलणारा हातोडा उंचीवर नेऊ नका, खाली माणसं असतात.

खिळा काढताना डोक्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. दीड-दोन इंचाचा तुकडा पुरे. खिळा अर्धा निघाला की शिंगांची पकड सुटल्यासारखी होते आणि आपण झटके द्यायला लागतो, दांडे मोडतात ते त्या झटक्यांनी. ठोकळ्यामुळे खिळा सरळ वर येतो, कमी वाकतो आणि पुन्हा वापरता येतो. चार इंची खिळा किंवा डोकं तुटलेला खिळा असेल तर हातोड्याचा नाद सोडून पहार घ्या. शिंगं वळलेलीच घ्या, आणि त्यांच्या खाचेचा तळ बारीक हवा. दुकानात खिशातून एक खिळा काढून त्या खाचेत अडकवून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

कोपराचं म्हणाल तर दुखणं बाहेरच्या बाजूला आहे का ते बघा. मला तिथेच होतं. सकाळी तांब्या उचलून पाणी ओतता येईना. निम्मा दोष हातोड्याचा होता, निम्मा मुठीचा. मी दांडा मध्यावर आणि गच्च आवळून धरायचो. दांडा टोकाकडे धरायचा, मूठ एवढीच घट्ट की हातोडा सुटू नये, आणि ठोका मनगटाने नाही, खांद्यापासून येऊ द्यायचा. दांडा इतका जाड हवा की मूठ मिटल्यावर अंगठा मधल्या बोटाला जेमतेम टेकेल. पातळ असेल तर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा. मला दोन महिने लागले बरं व्हायला, त्यातले तीन आठवडे फक्त मोजमाप आणि ओळंबा बघत काढले. तुमचं दुखणं रात्रीही राहत असेल तर डॉक्टरला दाखवा, हातोडा बदलून ते जाणार नाही.

आणि घेतल्या दिवशीच दांड्याच्या टोकाला ओळखीसाठी ऑइलपेंटचा पट्टा मारा. माझा पिवळा आहे. तरी गेल्या वर्षी दोन गेले.