फ्रिडा काहलोची गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक असताना उत्स्फूर्त संगीतनाट्यात ऐनवेळी सुचायचं काय उरतं?

तुमची अडचण खरी आहे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा हिचं आयुष्य लोकांना आधीच माहीत आहे, मग संहितेशिवाय नाटक करण्यात उत्स्फूर्त काय राहिलं आणि गाणी जागच्या जागी जुळायची कशी? मी अशा प्रयोगांना कीबोर्डवर साथ करतो, त्यामुळे माझं उत्तर वादकाच्या बाजूने थोडं झुकलेलं असणार.

चरित्र क्रमाने सांगायला गेलात तर फसाल. जन्म, अपघात, लग्न, घटस्फोट अशी स्टेशनं घेत गाडी निघाली की नट पुढचं स्टेशन आठवत बसतो आणि समोरच्याचं ऐकणं थांबतं. तारखा सगळ्यांनी वाचून ठेवा, पण त्यांच्यावर नाटक उभं करू नका. नाहीतरी फ्रिडा स्वतःच्या चरित्राशी कुठे प्रामाणिक होती? जन्म १९०७चा, पण ती सांगायची १९१०, मेक्सिकोची क्रांती सुरू झाली ते साल. तुमच्यासाठी हे घबाडच आहे. सुरुवातीलाच प्रेक्षकांना विचारा, 'आज फ्रिडाने स्वतःबद्दल कोणती थाप मारावी?' जी मिळेल ती खरी धरायची आणि शेवटपर्यंत निभवायची.

आयुष्यातून प्रसंग घेण्यापेक्षा चित्रांतून आकृतिबंध घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. 'दोन फ्रिडा' हे चित्र १९३९चं, तिचा नवरा, चित्रकार दिएगो रिवेरा याच्यापासून घटस्फोट झाला त्याच वर्षीचं. शेजारी बसलेल्या दोघी, हातात हात, दोघींची हृदयं एकाच रक्तवाहिनीने जोडलेली. हे थेट द्वंद्वगीत आहे. दोन नटींनी एकच फ्रिडा गायची: एकीने ओळ अर्धी सोडायची, दुसरीने पुरी करायची, आणि पहिलीने ती मान्यच करायची. पुढचा शब्द कुणालाच माहीत नसल्यामुळे दोघींना एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. चित्रातला ताण आपोआप गाण्यात उतरतो.

दुसरा आकृतिबंध नवसाच्या चित्रांचा. मेक्सिकोत संकटातून वाचलेले लोक पत्र्यावर छोटं चित्र काढून घेत: वर संकट आणि तारणारा संत, खाली चार ओळींत हकीकत आणि आभार. फ्रिडाने अशी पुष्कळ चित्रं जमवली होती. याचं तीन कडव्यांचं गाणं होतं: काय घडलं, कोण धावून आलं, आभार कसे मानले. प्रेक्षकांकडून क्षुल्लक संकट मागा. चावी हरवली इतकंही पुरतं, कारण गाण्याची इमारत तयारच असते.

चाल हवी असेल तर तिथल्या कोरिदोचा ढंग ऐका. या कथागीतात बहुधा सुरुवातीला साल आणि ठिकाण सांगतात आणि शेवटच्या कडव्यात निरोप घेतात. त्यामुळे कुठून सुरू करायचं आणि कधी थांबायचं, हे नव्या गायकालाही कळतं.

यमकाबद्दल सगळे घाबरतात. युक्ती एवढीच, की जोरदार शब्द दुसऱ्या ओळीसाठी राखून ठेवायचा आणि पहिली ओळ त्याच्याशी जुळणाऱ्या साध्या शब्दावर संपवायची. ऐकणाऱ्याला वाटतं, उत्तर आत्ताच सुचलं! ध्रुवपद मात्र छोटं ठेवा. दुसऱ्यांदा आलं की सगळ्या गटाने उचलायचं. वादकाने चार मात्रांचा तुकडा घोळवत राहावं, गायकाने श्वास घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाणं लांबतंय असं दिसलं तर पट्टी एका स्वराने चढवायची, म्हणजे सगळ्यांना समजतं की हा शेवटचा फेरा. हे इशारे तालमीत ठरवा, गाणी नको.

दोन पथ्यं. दिएगोला नुसता खलनायक करू नका. १९४०मध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं होतं, आणि ते का केलं यातच तुमचा खरा प्रवेश आहे. दुसरं, १९२५चा बसचा अपघात प्रेक्षकांच्या सूचनांवर सोडू नका. कुणीतरी विनोद म्हणून काहीबाही ओरडतं आणि मग सावरता येत नाही. अपघात दाखवायचाच असेल तर त्यानंतरचा पलंग दाखवा: आईने वर आरसा लावून दिला आणि पडल्या पडल्या ती स्वतःलाच रंगवू लागली. एक नट आडवा, दुसरा त्याचा आरसा, आणि आरशाने गायचं. हा प्रवेश मध्यंतराच्या आधी ठेवा, कारण त्यानंतर लगेच विनोदी गाणं घेतलं तर ते पडतं.