खासगीपणा, गोपनीयता आणि ‘नको तितके सांगणे’

विचारणा अशी आहे की ‘प्रायव्हसी’साठी मराठीत ‘गोपनीयता’ लिहावे की ‘खासगीपणा’, आणि समाजमाध्यमांवर स्वतःविषयी गरजेपेक्षा जास्त सांगत राहण्याला, म्हणजेच ज्याला सर्रास ‘ओव्हरशेअरिंग’ म्हटले जाते त्याला, मराठीत शब्द आहे का. अ‍ॅपमध्ये ‘गोपनीयता धोरण’ दिसते आणि लेखांमध्ये ‘खासगीपणाचा हक्क’ दिसतो, तर यांतला एकच शब्द पक्का का करू नये, असेही विचारणाऱ्यांनी पुढे म्हटले आहे. माझ्या मते तसे करू नये. या दोन शब्दांचे अर्थ वेगळे आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरल्यामुळे आपल्या विचारातही गोंधळ होतो.

‘गोपनीय’ या शब्दाच्या मुळाशी ‘गुप्’ हा संस्कृत धातू आहे. धातुपाठात त्याचा अर्थ रक्षण करणे असा दिला आहे, म्हणून गोपनीय म्हणजे मुळात जपण्याजोगे. पुढे जपण्याचा अर्थ झाकण्याकडे सरकला, आणि आजच्या मराठीत हे विशेषण प्रामुख्याने अहवालाला, कागदपत्रांना, बैठकीतल्या चर्चेला लागते. गोपनीयता पाळायची असते, आणि ती पाळतो तो, ज्याच्या हाती दुसऱ्याची माहिती आलेली आहे: वैद्य, वकील, बँक किंवा अ‍ॅप चालवणारी कंपनी. त्या दृष्टीने ‘गोपनीयता धोरण’ हा शब्दप्रयोग बरोबरच आहे, कारण आपल्याकडे आलेल्या माहितीचे आपण काय करणार, हे कंपनी तिथे सांगत असते. पण जिची माहिती आहे त्या व्यक्तीच्या हक्काला आपण गोपनीयता म्हणू लागलो की त्या व्यक्तीजवळ काही गुपित आहे असा भास होतो, आणि मग ‘माझ्याकडे लपवण्यासारखे काहीच नाही, मला कशाला हवी ती गोपनीयता’ हा युक्तिवाद आपोआप जन्माला येतो. तो युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्या चुकीला शब्दाची निवड हातभार लावते असे मला ठामपणे वाटते.

‘खासगी’चा प्रवास वेगळा आहे. अरबी ‘खास’पासून फारसीत आलेला हा शब्द मराठी कारभारात चांगला रुळला होता. राज्यकर्त्याच्या घराण्याचे स्वतःचे उत्पन्न आणि खर्च म्हणजे खासगी. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन निराळे हिशेब असत. त्या हिशेबाला खासगी म्हणत ते तो गुप्त असे म्हणून नव्हे; त्याच्याही नोंदी ठेवल्या जात. मुद्दा एवढाच होता की त्यावर अधिकार कोणाचा चालतो. आजच्या वापरातही ही छटा टिकून आहे, आणि तिचा सर्वांत चांगला पुरावा ‘खासगीत’ या रूपात सापडतो. ‘हे मी तुम्हांला खासगीत सांगतो’ या वाक्यात ऐकणारा हजर आहे. गोष्ट सांगितली जाते आहे, फक्त ती कोणाला सांगायची हे सांगणाऱ्याने ठरवलेले आहे. प्रायव्हसीचा गाभा तोच आहे. (‘खाजगी’ हे रूपही तितकेच रूढ आहे आणि ते अशुद्ध मानण्याचे कारण नाही, मुळाला जवळचे रूप म्हणून मी ‘खासगी’ लिहितो. एका लेखात मात्र एकच रूप ठेवावे.)

काही जण ‘एकांत’ सुचवतात. 1890 साली सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये प्रायव्हसीच्या हक्कावर जो लेख लिहिला, त्यात न्यायमूर्ती टॉमस कूली यांचा ‘एकटे राहू दिले जाण्याचा हक्क’ या आशयाचा शब्दप्रयोग त्यांनी घेतला होता. झटपट छायाचित्रे आणि घरगुती गोष्टी छापणारी वृत्तपत्रे ही त्यांची त्या काळातली चिंता होती. ती मांडणी एकांताच्या जवळ जाते. परंतु 1948च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातल्या बाराव्या कलमात या हक्काबरोबर कुटुंब, घर आणि पत्रव्यवहार यांनाही संरक्षण दिले आहे, आणि पत्रव्यवहार एकट्याने होत नाही. एकांतात दुसरे कोणी नसते. खासगीपणात दुसरे माणूस असू शकते, मात्र ते आपण निवडलेले असते. म्हणून एकांत हा सुंदर शब्द त्याच्या स्वतःच्या अर्थासाठी राखून ठेवावा.

‘वैयक्तिक’ हा शब्दही इथे वेगळा काढला पाहिजे. माझे नाव वैयक्तिक आहे, पण खासगी नाही. अडचण अशी की वैयक्तिक माहितीचे निरुपद्रवी तुकडे एकत्र आले की त्यातून खासगी गोष्ट तयार होते. जन्मतारीख, घरासमोरचे छायाचित्र, रोज धावायला निघण्याची वेळ यांपैकी एकेकटे काहीच गुपित नसते. स्ट्राव्हा या व्यायामाच्या अ‍ॅपने वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यावरून लष्करी तळांच्या जागा आणि तिथले फिरण्याचे रस्ते ओळखता येतात, हे जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या ध्यानात आले. धावणाऱ्या एकाही सैनिकाने गोपनीय असे काही लिहिले नव्हते.

आता ओव्हरशेअरिंगकडे येतो. इंग्रजीतही हा शब्द फार जुना नाही. ‘वेबस्टर्स न्यू वर्ल्ड डिक्शनरी’ने 2008 साली ‘ओव्हरशेअर’ या क्रियापदाला वर्षाचा शब्द ठरवले होते. मराठीत जवळचे वाक्प्रचार भरपूर आहेत, पण ते नेमके बसत नाहीत. ‘चव्हाट्यावर मांडणे’ यात भांडण किंवा बदनामी गृहीत असते, ‘डांगोरा पिटणे’ यात गाजावाजा करण्याचा हेतू असतो, ‘बभ्रा होणे’ यात गोष्ट आपल्या हातून निसटलेली असते. ओव्हरशेअरिंग करणाऱ्याचा हेतू बहुधा निर्मळ असतो. तो मन मोकळे करतो, फक्त समोर कोण आहे हे त्याला दिसत नाही. प्रत्यक्ष बोलताना आपण ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून थांबतो; एकाच पोस्टमधून जिवलग मैत्रीण, कार्यालयातला वरिष्ठ, दूरचा नातलग आणि पूर्ण अनोळखी माणूस या सगळ्यांशी एकदम बोलताना तो आधार उरत नाही. या प्रकाराला ‘नको तितके सांगणे’ म्हणावे असे मी सुचवेन. शास्त्रीय लेखनात नामच हवे असेल तर ‘अतिप्रकटन’ चालेल, पण बोलण्यात ते रुजेल असे मला वाटत नाही. उलट बाजूचा वाक्प्रचार मात्र मराठीत अगदी तयार आहे: ‘हातचे राखून सांगणे’. त्याला आपण थोडा कमीपणाचा अर्थ चिकटवला आहे, जणू राखून सांगणारा माणूस मनाने कोता असतो. समाजमाध्यमांच्या संदर्भात हा वाक्प्रचार चांगल्या अर्थाने वापरायला काहीच हरकत नाही.

‘शेअर करणे’ला काही ठिकाणी ‘सामायिक करणे’ असे म्हटलेले आढळते आणि ते कृत्रिम वाटते अशी तक्रार असते. मला मात्र तो शब्द इथे अनपेक्षितपणे अचूक वाटतो. सामायिक भिंत किंवा सामायिक विहीर कोणा एकाची नसते, तिच्याबाबत एकट्याने निर्णय घेता येत नाही. समाजमाध्यमावर टाकलेले छायाचित्रही तसेच होते: चोवीस तासांनी दिसेनासे होणाऱ्या स्टोरीचासुद्धा कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असू शकतो, आणि मग ती काढून टाकणे केवळ टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही.

प्रश्नात नसलेली एक बाजू इथे जोडतो, कारण ती मला सर्वांत गंभीर वाटते. नको तितके सांगताना आपण पुष्कळदा दुसऱ्याचे सांगत असतो: मुलाचे गुण, आईचे आजारपण, मित्राचे मोडलेले लग्न. यासाठी मराठीत ‘परस्पर’ हा नेमका शब्द आहे. त्याचा एक अर्थ ‘एकमेकांना’ असा असला, तरी ‘संबंधित माणसाला न विचारता’ हा दुसरा अर्थ बोलण्यात पक्का आहे. ‘आईच्या शस्त्रक्रियेची बातमी त्याने परस्पर टाकली’ या वाक्यात बातमी खरी होती की खोटी, चांगली होती की वाईट, याने काही फरक पडत नाही. ज्या व्यक्तीने ठरवायचे तिला विचारले गेले नाही, एवढेच तो शब्द दाखवतो. तेव्हा अशा ठिकाणी ‘गोपनीयतेचा भंग’ असे जड लिहिण्याऐवजी ‘परस्पर टाकले’ किंवा ‘परस्पर सांगितले’ असे लिहावे, हक्काविषयी लिहिताना ‘खासगीपणा’ वापरावा, आणि माहिती सांभाळणाऱ्याच्या जबाबदारीसाठी ‘गोपनीयता’ ठेवावी.