अमिनो, नवसागर आणि एक शिंगवाला देव

एका वाचकाने विचारलंय: ‘अमिनो आम्ल हे आम्ल असेल तर त्याने ॲसिडिटी वाढते का? आणि ‘अमिनो’ला मराठी शब्द का नाही?’

पहिल्या प्रश्नातली भीती नावातल्या ‘आम्ल’मुळे आली आहे, आणि ती ऐकून ऐकून कान किटले. जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याचा या नावाशी संबंध नाही. रसायनशास्त्रात आम्ल म्हणजे हायड्रोजन आयन देऊन टाकणारा पदार्थ. अमिनो आम्लाच्या रेणूत मधल्या कार्बनच्या एका बाजूला कार्बॉक्सिल गट असतो, तो देणारा. दुसऱ्या बाजूला अमिनो गट, तो घेणारा. दाता आणि याचक एकाच घरात, त्यामुळे पाण्यात पडताच देवाणघेवाण घरातल्या घरात उरकते. एका टोकाला ऋण भार, दुसऱ्या टोकाला धन. या अवस्थेला झ्विटरआयन म्हणतात. जर्मन ‘झ्विटर’ म्हणजे उभयलिंगी. ग्लायसीन हे अमिनो आम्ल चवीला गोड लागतं, त्याचं नावच ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आर्जिनीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या द्रावणात तर लाल लिटमस निळा होतो, म्हणजे ते आम्लाच्या उलट वागतं. आणि याला म्हणायचं आम्ल! प्रथिनात गुंफल्यावर एकाचा कार्बॉक्सिल गट पुढच्याच्या अमिनो गटाला जोडला जातो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि साखळीची दोन टोकं व काही बाजूच्या शाखा सोडल्या तर हे दोन्ही गट मोकळे राहतच नाहीत.

‘मी रोज अमिनो घेतो’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की ‘अमिनो’ हे विशेषण आहे. पुढे नाम लावा.

आता मुद्द्याचं. अमिनो आलं अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगाच्या नावावरून, अमाइन अमोनियावरून. अमोनिया हे नाव स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ टॉर्बर्न बर्गमन यांनी १७८२ मध्ये दिलं, ते ‘साल अमोनियाक’ या जुन्या लॅटिन नावावरून. अर्थ: ॲमोनचं मीठ. ॲमोन म्हणजे इजिप्तचा देव आमून. त्याचं प्रसिद्ध देऊळ लिबियाच्या वाळवंटाकडच्या सीवा या मरूद्यानात होतं. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये अलेक्झांडर तिथे कौल घ्यायला गेला होता. या देवाला मेंढ्याची वळलेली शिंगं दाखवत, म्हणून तशाच वेटोळ्याच्या जीवाश्माला ॲमोनाइट म्हणतात. गंडकीतला शाळिग्रामही ॲमोनाइटचाच. म्हणजे शाळिग्राम आणि अमिनो आम्ल नावापुरते का होईना, चुलतभाऊ! इजिप्शियन भाषेत आमून म्हणजे ‘लपलेला’. प्रत्येक प्रथिनाच्या कडीकडीत लपून बसलेल्या गटाला याहून चांगलं नाव कुणी मुद्दाम शोधूनही दिलं नसतं.

इथे पाठ्यपुस्तकवाले एक गोष्ट हमखास सांगतात: देवळाबाहेर यात्रेकरूंचे उंट बांधलेले असत, त्यांच्या शेणमुतातून हे मीठ मिळे. गोष्ट चटकदार आहे, पण टिकत नाही. उंटाच्या शेणाच्या काजळीतून नवसागर (अमोनियम क्लोराइड) काढून तो युरोपला विकण्याचा धंदा इजिप्तमध्ये खरोखर होता, पण तो १८व्या शतकातला. रोमन लेखक प्लिनी ज्या ‘हॅमोनियाक’ मिठाबद्दल लिहितो ते वाळूखाली सापडणारं, बहुधा साधं खनिज मीठ. प्लिनी नावही ‘वाळू’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडतो. तेही मला पटत नाही. देवाचं नाव समोर असताना वाळू उकरायला कशाला जायचं? नाव मुळात साध्या मिठाचं, आणि पुढे ते अमोनियम क्लोराइडला चिकटलं, एवढं मात्र नक्की.

हे अमोनियम क्लोराइड म्हणजेच आपला नवसागर. तापवला की वितळत नाही, थेट वाफ होऊन उडतो आणि गार भागावर पुन्हा पांढरा बसतो. फारसीत याला नौशादर म्हणतात. संस्कृत रसग्रंथांत नवसार, नरसार, नृसार अशी रूपं येतात. नृसारवरून ‘माणसाचं सार’ असा अर्थ लावून शब्द अस्सल संस्कृत ठरवणारे पंडित आहेत. त्यांना माझा नमस्कार, पण एकाच पदार्थाला नव, नर आणि नृ असे तीन पूर्वपद लागतात तेव्हा परका शब्द कानावरून घरात घेतल्याचा तो पुरावा असतो. व्यापारातून आलेला नौशादर आधी नवसार झाला, आणि मीठ म्हटल्यावर मराठी कानाला त्यात सागर ऐकू आला. समुद्राशी त्याचं काडीचं नातं नाही. तरी ‘नवसागर’ हे ‘साल अमोनियाक’पेक्षा देखणं रूप आहे, हे माझं पक्षपाती मत.

त्यामुळे ‘अमिनो’ला मराठी शब्द नाही ही तक्रार मला मान्य नाही. अमोनिया ज्याच्यावरून आला तोच पदार्थ आपल्याकडे नवसागर. मग ‘नवसागरी आम्ल’ म्हणा! परिभाषा घडवणाऱ्या मंडळींनी नायट्रोजनसाठी ‘नत्र’ आणला, पण हा हाताशी असलेला शब्द त्यांना दिसला नाही. कुणी म्हणेल, क्लोराइडचं नाव अमिनो गटाला कसं चालेल? युरोपात चाललंच की.

ता. क. ‘प्रोटीन’ला मात्र चांगला शब्द मिळाला. रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी सुचवलेलं आणि त्यांचे समकालीन मुल्डर यांनी १८३८ मध्ये छापलेलं ‘प्रोटीन’ हे नाव ग्रीक ‘प्रोतेइओस’ म्हणजे ‘अग्रस्थानी असलेला’ यावरून आहे. ‘प्रथिन’मध्ये आपल्याला ‘प्रथम’ ऐकू येतो, आणि ग्रीक ‘प्रोतोस’ व संस्कृत ‘प्रथम’ यांच्या मुळाशी ‘पुढे’ या अर्थाचा एकच जुना धातू आहे. फक्त ‘इन्सुलिन ही प्रथिने आहेत’ असं लिहू नका. इन्सुलिन हे एक प्रथिन, दोन साखळ्यांचं, ५१ अमिनो आम्लांचं. बरं, नवसागरी आम्लांचं.