खुराडं रात्री मोजा, मग कोंबड्या वाढवा

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 6 बाय 4 फुटांचं खुराडं, 12 गावरान कोंबड्या, 1 कोंबडा. अंडी गावातच हातोहात खपतात, म्हणून आठवडी बाजारातून आणखी 10 तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताच्या कोवळ्या कोंबड्या, आणायच्या. शिवाय दोन कोंबड्या खुडूक बसल्यात, म्हणजे अंडी उबवायला बसून राहिल्यात, त्यांच्याखाली अंडीही ठेवायची. परस मोठं आहे, जागेची चिंता नाही, असं तुम्ही लिहिलंय.

चिंता नेमकी जागेचीच आहे. परस अर्ध्या एकराचं असलं तरी कोंबडी रात्र खुराड्यात काढते, आणि पावसाची झड लागली की दिवसही तिथेच काढते. संख्या ठरवायची ती अशा दिवसांवरून. दिवाळीनंतर कोंबड्या परसात पांगलेल्या दिसतात आणि परस रिकामं वाटतं, तेव्हाच आणखी आणायची हौस येते. नुसत्या रात्रीच्या मुक्कामाला एका गावरान कोंबडीला दीड चौरस फूट पुरतं, दिवसभर कोंडावं लागलं तर 2 ते 3 लागतात. तुमच्या 24 चौरस फुटांत कोरड्या दिवसांत 16 मावतील, झडीत 12 लाही दाटी होईल. म्हणजे 13 वरच तुमचं खुराडं भरलंय. आता त्यात 10 तलंगा घाला आणि दोन खुडूक कोंबड्यांची 16 पिल्लं घाला. तीन महिन्यांत आकडा 39 वर जातो. मुंगूस आणि घारीने काही नेली तरी 30 च्या खाली येणार नाही.

बसायच्या दांडीचाही हिशेब करा. एका कोंबडीला 9 इंच दांडी लागते. 6 फुटांच्या दांडीवर 8 बसतात, दोन दांड्यांवर 16. दोन्ही दांड्या एकाच उंचीवर, फूटभर अंतर सोडून लावा. एक वर आणि एक खाली असली की सगळ्या वरचीसाठी भांडतात आणि कमजोर कोंबडी रोज खाली विष्ठेत बसते. आजार आधी तिलाच गाठतो.

दाटी झाली की नाही, हे ओळखायची खात्रीची खूण सांगतो. पहाटे दार उघडल्या उघडल्या गुडघ्यावर बसा आणि नाक कोंबडीच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका गेला, तर आत अमोनिया साचलाय. तुम्ही उभे असता तेव्हा तो कळत नाही, कोंबडी मात्र रात्रभर त्यातच श्वास घेते. त्यातून सर्दी, डोळ्याला पाणी आणि नाकात घरघर सुरू होते. खाली धानाचा तूस (भाताची टरफलं) 2 ते 3 इंच टाका, ओला झालेला लगेच काढा, पावसाळ्यात आठवड्याला चुना मिसळून हलवा. एवढं करूनही आठ दिवसांत पुन्हा झणका आला, तर तूस बदलून भागणार नाही, कोंबड्या कमी करायला हव्यात. ओल्या तुसात दाटी झाली की पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि ती दोन-तीन दिवसांत निम्मी पिल्लं नेऊ शकते.

आता दाणा. लोक समजतात, कोंबड्या दुप्पट म्हणजे खर्च दुप्पट. तसं होत नाही. परसातले किडे, गवत, सांडलेले दाणे तेवढेच राहतात, खाणारी तोंडं वाढतात. आज एका कोंबडीला संध्याकाळी 45 ग्रॅम दाणा पुरत असेल, तर 13 ना रोज 600 ग्रॅमच्या आसपास लागतो. 23 झाल्या की परसातला वाटा कमी पडतो आणि प्रत्येकीला 80 ग्रॅम द्यावे लागतात, म्हणजे रोज 1 किलो 840 ग्रॅम. महिन्याला 18 किलोचे 55 किलो झाले. कोंबड्या दुपटीलाही पोचल्या नाहीत आणि दाणा तिप्पट झाला.

खर्च असा वाढला की आपल्याकडे हात जातो तो घरातल्या सोयाबीनकडे आणि गुरांच्या सरकी ढेपेकडे. दोन्ही चुकीचं. कच्च्या सोयाबीनमधले घटक कोंबडीला प्रथिनं पचवू देत नाहीत, वाढ खुंटते. सोयाबीन नीट भाजून किंवा सोयाबीनची ढेपच द्यावी. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, त्याने साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि गिऱ्हाईक तुटतं. ज्वारी, मका, कणकी चालेल, पण बुरशीचा वास येणारा मका उकिरड्यावर टाका, कोंबड्यांना नको. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलं उरलेलं बियाणं आणि फवारणी झालेली पऱ्हाटी (कपाशी), या दोन्हींपासून कळप लांब ठेवा.

बाजारातल्या तलंगांची भीती मला याहून जास्त वाटते. एका डालग्यात पाच गावच्या कोंबड्या कोंबलेल्या असतात. वरून तरतरीत दिसणारी कोंबडी मानमोडी (राणीखेत रोग) किंवा जुनी सर्दी अंगात घेऊन येते. उन्हाळ्याच्या तोंडावर गावागावांत मानमोडीची साथ फिरते, तेव्हा तर बाजारातून एकही पक्षी आणू नये. हिरवट पातळ विष्ठा, लोंबलेले पंख, वाकडी झालेली मान दिसू लागली की औषध नाही, आणि लस न दिलेला कळप चार-सहा दिवसांत रिकामा होतो.

तरीही आणायच्याच असतील तर घेतानाच पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसं फुंकून उवा बघा. पायाची खवलं उचललेली, चेहरा सुजलेला, नाकाशी दुर्गंधी असेल तर परत ठेवा. घरी आणल्यावर 30 दिवस वेगळं ठेवा: खुराड्यापासून किमान 30 फूट लांब, भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि दाणा-पाणी आधी जुन्यांना, शेवटी नव्यांना. तीन आठवडे झाले की जुन्यांपैकी एक, जिची अंडी कमी आहेत अशी, नव्यांसोबत आठवडाभर ठेवा. ती ठणठणीत राहिली तरच पुढचं पाऊल. नुसतं वेगळं ठेवून भागत नाही, कारण रोग बाळगणारी कोंबडी स्वतः आजारी दिसेलच असं नाही.

मिसळताना आधी आठवडाभर मधे जाळी ठेवा, म्हणजे एकमेकींना दिसतील पण टोचता येणार नाही. मग अंधार पडल्यावर नव्या कोंबड्यांना दांडीवर बसवा. एकटी कधी सोडू नका, किमान तीन सोबत सोडा, आणि अंगाने सारख्याच असू द्या. दाणा तीन ठिकाणी टाका. कुणाला रक्त निघालं तर तिला लगेच वेगळी करून जखमेवर हळद-तेल लावा, लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. सतत मारणारी एखादी असते, तिलाच चार दिवस बाहेर काढा. परत येते तेव्हा तिचा दरारा उतरलेला असतो.

माझं म्हणाल तर या वर्षी तलंगा आणूच नका. अंडी वाढवायची असतील तर आहेत त्याच 12 तपासा. कोंबडी हातात धरून मागच्या, गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या हाडांमधलं अंतर बोटांनी मोजा. दोन-तीन बोटं सहज मावली आणि गुदद्वार ओलसर, मोठं असेल तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एकच बोट मावलं आणि तुरा फिका, सुकलेला असेल तर नाही. पिसं गाळत असेल तर महिना-दीड महिना थांबून पुन्हा बघा. दोन्ही वेळा नापास झालेल्या विका. 12 त अशा तीन-चार निघाल्या तर तेवढ्याच जागा घरच्या पिल्लांतल्या नव्यांना मिळतात आणि आकडा 13 वरच राहतो. शिंपल्याचा चुरा किंवा भाजून चुरलेली अंड्याची टरफलं वेगळ्या वाटीत ठेवा, त्याने पातळ कवचाची आणि फुटकी अंडी कमी होतात.

सुधारित जातीही बऱ्याच जणांना खुणावतात. ग्रामप्रिया आणि वनराजा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या. ग्रामप्रिया अंडी भरपूर देते, वनराजा अंगाने भरते. पण दोन्हींना दाणा जास्त लागतो, त्या फारशा खुडूक बसत नाहीत, आणि मुंगूस आलं तर गावरानसारख्या उडून झाडावर जात नाहीत. टर्की मात्र गावरानसोबत ठेवू नका. कोंबड्यांकडून येणारा काळ्या डोक्याचा रोग टर्कीला मारतो.

खरंच 25 करायच्या असतील तर आधी दुसरं 6 बाय 4 चं खुराडं बांधा, पहिल्याला चिकटून नको. उन्हाळाही धरून चाला. आपल्याकडे पारा 45 ला जातो, तेव्हा टिनावर तुराट्यांचा जाड थर हवा आणि कोंबडीमागे रोज अर्धा लिटर पाणी. 25 कोंबड्यांना साडेबारा लिटर होतं, तेही सावलीतल्या मातीच्या भांड्यात, दोनदा बदललेलं.

दोन खुडूकपैकी एकीखालीच 10-12 अंडी ठेवा, तीही मे महिना टाळून. दुसरीला खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन चार दिवस ठेवा, ती उठेल. पाण्यात बुचकळणं, नाकात पीस घालणं यात नुसता छळ आहे. निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असणार, ते पाच महिन्यांचे होताच विकायचे, कारण 8 ते 10 कोंबड्यांमागे एकच कोंबडा पुरतो. जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात.

पिल्लं सातव्या दिवशी पोचली की लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आरटूबी ही त्याच रोगाची दुसरी लस पंखाखाली कातडीत अर्धा मिली. लसीची बाटली 100 मात्रांची येते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात जायच्या आधी शेजारच्या चार-पाच घरांना सांगून ठेवा, सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी होतील. बर्फाचा थर्मास घरून न्यायला विसरू नका.