येशूचे पुनरुत्थान शब्दशः घ्यायचे की प्रतीक म्हणून?

येशू तिसऱ्या दिवशी उठला, हे बायबलचे म्हणणे शब्दशः घ्यायचे की प्रतीक म्हणून, आणि आपल्याकडच्या पुनर्जन्मापेक्षा त्यात वेगळे काय, असे तुम्ही विचारले आहे. मी श्रद्धावंत ख्रिस्ती आहे आणि बायबल अभ्यासवर्गात हा भाग अनेकदा शिकवला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पुनर्जन्माचे आधी सांगतो. तिथे आत्मा एक देह सोडून दुसरा घेतो आणि कर्मानुसार हे पुन्हा पुन्हा घडते. बायबलमध्ये तोच माणूस, त्याच ओळखीसह, एकदाच आणि कायमचा उठतो, तेही देवाच्या कृतीने. देह गळून आत्मा मोकळा होतो, ही ग्रीकांमधली परिचित कल्पनाही इथे नाही. म्हणून तर येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाने अथेन्समध्ये मेलेल्यांच्या उठण्याचा विषय काढताच काहींनी त्याची टर उडवली (बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 17).

ही आशा आली कुठून, हे पाहिल्याशिवाय पुढचे नीट उमगत नाही. जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागातल्या, बहुतेक पुस्तकांत मेलेला माणूस अधोलोकात जातो, आणि विषय तिथेच संपतो. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात राजा अँटायोकस चौथा याने यहुद्यांच्या धर्माचरणावर बंदी घातली आणि नियमशास्त्र पाळणाऱ्यांना ठार केले. देवाशी एकनिष्ठ राहिले म्हणूनच माणसे मेली. मग देव न्यायी असेल तर या माणसांचे काय? जुन्या करारातल्या दानीएलाच्या पुस्तकात, 12 व्या अध्यायात, उत्तर येते: मातीत झोपी गेलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील. कॅथलिक बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, 7 व्या अध्यायात, सात भावांचा छळ होतो. तिसरा भाऊ जीभ आणि हात स्वतःहून पुढे करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले, ते देवाकडूनच परत मिळतील अशी माझी आशा आहे. त्याला तेच हात परत हवे आहेत. पुनरुत्थान समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. ज्या शरीरावर अन्याय झाला, त्याच शरीराला न्याय मिळाला पाहिजे.

येशूच्या काळात यहुद्यांतल्या दोन पंथांपैकी परूशी हे मानत, सदूकी मानत नसत. पण मानणाऱ्यांचीही अपेक्षा होती ती युगाच्या शेवटी सगळ्यांनी एकदम उठण्याची. इतिहास चालू असताना मधेच एकटा उठेल, आणि तोही रोमी सत्तेने क्रूसावर मारलेला, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 21 व्या अध्यायात तर झाडावर टांगलेल्याला शापित म्हटले आहे. त्यामुळे प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र पुन्हा पुन्हा म्हणतो, ‘तुम्ही त्याला मारले, देवाने त्याला उठवले,’ तेव्हा मला तो वरच्या न्यायालयाने फिरवलेला निकाल वाटतो. नुसता ‘मृत्यूनंतरही जीवन आहे’ एवढाच अर्थ काढला, तर हा सगळा न्यायाचा भाग हातातून निसटतो.

आता शब्दशः की प्रतीक. या विषयावरचा आपल्या हाती असलेला सर्वांत जुना सविस्तर मजकूर शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांत, नाही, तो पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, 15 व्या अध्यायात आहे. हे पत्र साधारण इसवी सन 53 ते 55 च्या दरम्यानचे. आपल्याला मिळालेली साक्ष पौल पुढे देतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, बारा जणांना (निवडक शिष्यांना) दिसला, पाचशेहून अधिक बांधवांना दिसला. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, असेही तो स्पष्ट सांगतो. नुसत्या प्रतीकाबद्दल कुणी असे लिहीत नाही. पण प्रेत पूर्वीसारखे चालू लागले, असेही त्याला म्हणायचे नाही. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांचा दाखला देऊन तो म्हणतो, नाशवंत पेरले जाते, अविनाशी उठवले जाते. मांस आणि रक्त यांना देवाच्या राज्याचे वतन मिळत नाही, असेही तो लिहितो. यावरून काही अभ्यासक म्हणतात की पौलाच्या मनात पूर्णपणे दुसरेच शरीर होते. मला ते पटत नाही, कारण 53 व्या वचनात ‘हे’ नाशवंतच अविनाशीपण परिधान करते. जे होते तेच बदलते.

म्हणून येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजराची गोष्ट वेगळी. तो कबरेतून बाहेर आला, पण पुन्हा मरण्यासाठीच.

शुभवर्तमाने हीच ओढाताण गोष्टींतून दाखवतात. येशूची अनुयायी मग्दालीया मरीया, हिला तो माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालतात, पण भाकर मोडेपर्यंत त्याला ओळखत नाहीत. दारे बंद असताना तो आत येतो, आणि तोच भाजलेली मासोळी खातो. हातावरच्या खिळ्यांच्या खुणाही तशाच आहेत. देवाने उठवले, पण जखमा पुसल्या नाहीत. मला या तपशिलापुढे दर वेळी थांबावे लागते.

चारही वृत्तांत एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. कबरेपाशी कुठे एक तरुण दिसतो, कुठे दोन पुरुष, कुठे देवदूत. प्रत्यक्ष उठण्याचा क्षण तर चौघांपैकी कुणीच वर्णिलेला नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पूर्ण प्रती 16:8 ला, घाबरून पळालेल्या स्त्रियांपाशी, संपतात. हे फरक झाकून एकच सुबक कथा जोडणे मला अप्रामाणिक वाटते. शिष्यांना आपण त्याला पाहिले अशी खात्री होती, इथपर्यंत इतिहासाचा अभ्यास नेतो. ते खरेच घडले, असे मी मानतो, आणि तो माझ्या विश्वासाचा भाग आहे.

तुम्हाला स्वतः वाचायचे असेल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15 वा अध्याय आधी घ्या, मग मार्क 16 ची पहिली आठ वचने, लूक 24 आणि योहान 20. उलट क्रमाने वाचले तर कबर रिकामी कशी झाली यातच मन अडकते, आणि कोणाला उठवले गेले हे मागे पडते.